लाकडी मॅगझिन

रियाधला मी ज्या दुकानात नोकरी केली तिथे फक्त फौजी सामान मिळायचं. बूट, पट्टे, जाकिटं आणि जाकिटावर लावायचे पाऊच. शिपायांना हे सगळं सरकारकडून मिळतंच, पण हौशी शिपाई पदरचे पैसे घालून जरा बरं काही घ्यायला यायचे. त्यांच्या हौसेवर आमचं पोट चालायचं.

पाऊच म्हणजे रायफलीचं मॅगझिन, गोळ्या भरलेली डबी, ठेवायचा कप्पा. सैल असला तर धावताना मॅगझिन पडतं, घट्ट असला तर ऐन वेळी निघत नाही. त्यातून काही रायफलींचं मॅगझिन सडपातळ, काहींचं जाड आणि वाकडं. पाकिटावर मात्र बिनदिक्कत छापलेलं, सर्वांना बसतो. खरं मॅगझिन दुकानात ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून आमच्या इमारतीत राहणाऱ्या कोकणातल्या एका सुताराकडून आम्ही मापाचे लाकडी ठोकळे करून घेतले होते. गिऱ्हाइकासमोर ठोकळा पाऊचमध्ये घालायचा, खेचून दाखवायचा, की सौदा झाला.

दुकानात आम्ही दोघं. मी, आणि आमच्याच गावचा एकजण, माझ्याहून बराच लहान. त्याला तिकडे मीच नेला होता. कफीलच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, हातापाया पडून त्याचा व्हिसा करून घेतला होता. मला दादा म्हणायचा, गोड बोलायचा. गोड बोलणाऱ्या माणसाची मला आता शिसारी येते.

पुढे दुकानात स्थानिक माणूस ठेवायची सक्ती झाली. कफीलने एक सौदी माणूस ठेवला आणि आम्हाला दोघांना समोर उभं करून सांगितलं की तिघांची गरज नाही, एक घरी जाईल. गोदामात पाऊचचा एक माल पडून होता, अस्तर जाड असल्यामुळे सगळेच घट्ट, कोणी हात लावत नव्हतं. तो माल जो खपवेल तो राहील.

मला राहायचंच होतं. गावी थोरल्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. "परत आलास की माझ्याच हाताखाली बसायचंय तुला," हे तो दर सुट्टीत चार माणसांत ऐकवायचा. त्याच्या गल्ल्यासमोर खाली मान घालून खिळे मोजण्यापेक्षा रियाधचा उन्हाळा परवडला.

आणि काय आश्चर्य, थोड्याच दिवसांत ते पाऊच ठोकळ्याला बसायला लागले. आधी अडकणारा जाड ठोकळा आता लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर यायचा. गोदामातल्या गरमीने शिवण सैल झाली असेल, अशी मी माझी समजूत घातली. गरजवंताला अक्कल नसते. गाववाला भराभर विकत होता, मीही मागे नव्हतो.

मग एक शिपाई परत आला. पाऊच त्याला मीच विकला होता. येमेनच्या सरहद्दीवर, जिझानच्या बाजूला त्याची नेमणूक होती. तिथे सरावात, सगळ्यांसमोर, त्याचं मॅगझिन पाऊचमधून निघालं नाही. अधिकाऱ्याने त्याला तापल्या वाळूवरून कोपरांवर सरपटवलं. त्याने बाही वर करून दाखवली. कोपराला कातडी अशी नव्हतीच.

तो ओरडला नाही. त्याने तो पाऊच लावलेलं आपलं जाकीट माझ्या अंगात चढवलं, स्वतःचं रिकामं मॅगझिन पाऊचमध्ये कोंबलं, माझ्या कपाळावर बोट रोखलं आणि म्हणाला, "यल्ला, काढ." मी खेचलं. निघेना. "ठो," तो म्हणाला. "मेलास." पुन्हा. "ठो. मेलास." गिऱ्हाइकं गोळा झाली. माझं नख उखडलं तरी त्याचं बोट खाली येईना. लोक हसत होते, नवा सौदी माणूस मोबाईलवर चित्रण करत होता, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होता तो माझा गाववाला.

शेवटी शिपायानेच दोन्ही हातांनी मॅगझिन उपसून काढलं. मी जाड ठोकळा उचलून त्याच्याशेजारी धरला. ठोकळा चांगलाच बारीक होता. कडा हाताच्या मळाने काळ्या, आणि दोन्ही रुंद बाजू ताज्या पांढऱ्या. कोणीतरी पॉलिश पेपरने घासला होता. मी गाववाल्याकडे पाहिलं, त्याचं हसू थांबलं होतं. मी ठोकळा कफीलसमोर आपटला आणि माझ्या मोडक्या अरबीत सगळ्यांदेखत सांगितलं, हे याचं काम आहे.

कफीलने शिपायाला पैसे परत दिले, वर एक चांगला पाऊच फुकट दिला. दुकान रिकामं झाल्यावर तो मला शांतपणे म्हणाला, "घासला ते मला माहीत आहे. माल खपला. तू गिऱ्हाइकांसमोर बोललास. खलास."

मी सामान भरत होतो तेव्हा गाववाला एक गच्च बांधलेलं पार्सल घेऊन आला. "दादा, तुम्ही जाताच आहात तर येवढं आमच्या घरी द्या की." गावी जाणाऱ्याने मागे राहिलेल्यांचं सामान न्यायचं, ही आमच्यातली रीत. त्याच्या तोंडावर फेकावं असं वाटलं. पण त्यात त्याच्या मुलीचे कपडे होते. मी नेलं.

त्याच्या बायकोने पार्सल घेतलं, चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "भावजी, मनाला लावून घेऊ नका. वयानं होतात मापाच्या चुका. यांनी शेटजींपाशी शब्द टाकला म्हणून बरं, नायतर तिकीटसुद्धा मिळत नव्हतं म्हणे तुम्हाला."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडे इतक्या कीवेने बघत होती की मी समोरचा कप तोंडाला लावला.

भावाकडे ती हकिगत माझ्याआधीच पोचली होती. दुकानात गिऱ्हाइकं असताना त्याने स्वतःच्या फोनवरून रियाधला गाववाल्याला लावून फोन माझ्या हातात दिला. "आभार मान त्याचे. तेवढी तरी रीत पाळ." फोन उचलला जाईपर्यंत तो माझ्यासमोरून हलला नाही. मी आभार मानले.

"अहो दादा," पलीकडून तो म्हणाला, "त्यात काय येवढं."