पूजा झालेलं मशीन

बुलढाण्यात मला कामाला ठेवलं ते आमच्या मालकांनी. सगळे त्यांना दादा म्हणतात. नववीतून शाळा सोडलेल्या, वेंगुर्ल्याकडून आलेल्या, इथलं बोलणंही धड न कळणाऱ्या मुलाला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कोण घेतं? त्यांनी घेतलं, शिकवलं. मी तापानं पडलो तेव्हा त्यांच्या घरून डबा आला. ते मी विसरत नाही. म्हणूनच त्यांच्यावरचा एक राग अजून गिळता येत नाही.

आमच्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात तात्पुरती मशिनं तयार होतात, हाताला न लागणारी, नुसती सॉफ्टवेअरची. ती सांभाळणं माझं काम. प्रोग्रामरनं कोड पाठवला की नवं मशीन उभं राहतं, नेटवर्कवरच्या पत्त्यांच्या साठ्यातून एक पत्ता घेतं, प्रोग्राम तयार करून देतं आणि पुसलं जातं. पत्ता पुढच्याला मोकळा. कुठल्याही मशीनला हातानं कायमचा पत्ता द्यायचा नाही, हा नियम दादांचाच.

खंडेनवमीला त्यांनी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. आतलं एक मशीन काम संपवून पुसलं जायच्या बेतात होतं.

"राहू दे बे त्याले. पूजा झाली हाय, आज कोनाले मारू नको."

स्वतः बसून त्यांनी ते राखलं. गिऱ्हाईकाला दाखवायला बरं, म्हणून त्याला कायमचा पत्ता दिला, तोही साठ्यातलाच. साठ्यातून तो वगळायचं राहिलं. मग पेढे वाटले.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं आणि तोच पत्ता नव्या मशीनलाही गेला. तयार प्रोग्राम उचलायच्या वेळी त्या पत्त्यावरून ओ दिली पूजेच्या दिवशी राखलेल्या जुन्या मशीननं. पुण्याच्या गिऱ्हाईकाला जुनाच प्रोग्राम गेला आणि त्यांच्या दुकानांतली बिलं अडकली.

दादांनी माझ्यासमोर फोन घेतला. "अहो, आमच्याकडे एक पोरगा आहे, शिकलेला नाही. त्याच्या हातून झालं."

पलीकडून आवाज आला, मग काढा त्याला.

"बघतो," दादा म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले. "काऊन तोंड पाडतो बे? म्या तुले काढून राह्यलो का? त्यांनी तुले कधी पाह्यलं तरी हाय का?"

"म्हणूनच माझ्यावर ढकललंत."

"त्यानं काय फरक पडते?"

"मला पडतो. उद्या हे ऑफिस नसलं तर दाखवायला माझ्याकडे एक कागद नाही. लोक माझ्याबद्दल काय बोलतात, तेवढंच आहे माझं. परत फोन लावा."

बोलून गेलो. ज्यांचा डबा खाल्ला त्यांनाच हुकूम सोडला होता.

दादा हारातलं एक फूल चुरत बसले. मग फोन लावला. "ते मघाशी बोललो ना, पोराची चूक नव्हती. आमच्या ऑफिसकडून राहिलं."

ऑफिसकडून. स्वतःचं म्हणायला जीभ रेटलीच नाही.

मी राहिलो. ते मशीन त्याच दुपारी पुसलं. आता खंडेनवमीला आधी सगळी मशिनं पुसतो, काम थांबवतो, मगच त्यांना पूजेला बोलावतो.

"रिकाम्या डब्याची पूजा करायले लावतो का बे?" ते दर वर्षी विचारतात.

"हाव," म्हणतो आणि हळदीचं ताट पुढे करतो. ऑफिस हसतं. मला अजून हसू येत नाही.