कुरळ्या केसांची पसंती

प्रणालीचे केस जन्माचे सरळ. इतके की वेणी घातली तरी दुपारपर्यंत रबर घसरून खाली यायचं. अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती पुस्तकं देते-घेते, आणि पुस्तक घ्यायला आलेल्या मुली तिच्या पाठीवरच्या केसांकडे बघत उभ्या राहतात. या केसांपायी आपलं लग्न अडेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल.

घोटाळा केला तो फोटोनं. वरूडला चुलत बहिणीच्या लग्नात बालमैत्रीण शालूनं हौसेनं मशीन फिरवून तिचे केस कुरळे केले होते. तोच फोटो आईनं, चंदाबाईंनी, बायोडाटाला जोडला. अकोल्याहून पियुषची माणसं पाहायला आली, तेव्हा पोरगी फोटोसारखीच दिसली पाहिजे म्हणून पुन्हा तेच मशीन. पियुषची आई सुभद्राबाई तिच्या बटांवरून हात फिरवत म्हणाल्या, "आमच्या घरी साऱ्यायचे केस काडीसारखे. एक तरी कुरळ्या केसाची सून पायजे होती मले."

प्रणालीनं बोलायला तोंड उघडलं. आईनं तिच्या हातात पोह्यांची बशी दिली.

अकोल्याला ठरलेला साखरपुडा चार दिवसांवर आला, तशा चंदाबाई तिला हाताला धरून शालूच्या पार्लरमध्ये घेऊन गेल्या. औषध लावून केस कुरळेच करून टाकायचे.

"सा महिने टिकते म्हनते शालू. तवर सासरी रुळशीन. मंग कोन केस पायते?"

"आई, मी खरं सांगून देतो ना त्यायले."

"अन् त्यायनं फसवलं म्हटलं तं? तुया बाबानं कोनाले तोंड दाखवाचं?"

प्रणाली खुर्चीत बसली. नको म्हणावं तर बाबांचा चेहरा, हो म्हणावं तर आरशातला स्वतःचा.

शालूनं बाटली उघडता उघडता सहज विचारलं, "मेंदी लावतं का?"

"आईच लावून देते. काळी. दर महिन्याले."

शालूचा हात थांबला. तिनं कानामागची बारीक बट कापली आणि वाटीतल्या औषधात बुडवली. थोड्या वेळानं बाहेर काढली, तर ती चघळलेल्या च्युइंगमसारखी ताणली गेली आणि तुटली.

"काकू, काळ्या मेंदीवर हे औषध चालत नाई. डोक्याले लावलं तं हातात केस येतीन नुस्ते."

प्रणालीला एकदम हलकं वाटलं. त्याच भरात तिनं तिथूनच पियुषला स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"मले काही फरक नाई पडत," तो म्हणाला. "पन आईले इतक्यात सांगू नको. तिनं साऱ्या सोयऱ्यायले सांगून ठेवलं. साखरपुड्यापुरते कर, मंग पाहू."

"मंग म्हनजे कधी?"

"पाहू ना."

फोन बंद झाला. ज्याच्यापाशी खरं बोलली, त्यानंही तिला पुन्हा खुर्चीतच बसवलं होतं.

"समजदार आहे पोरगा," चंदाबाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

साखरपुड्याच्या दिवशी कसं दिसेल ते एकदा बघून घेऊ, म्हणून शालूनं मशीन तापायला लावलं.

"किती वेळ टिकतीन वं?" प्रणालीनं विचारलं.

"घाम नाई आला तं संध्याकाळपर्यंत."

"मे महिन्यात? अकोल्याले?"

शालूनं पहिली बट उचलली आणि मशीनवर गुंडाळायला घेतली.