मांडवात बंदूक नको, एवढंच सांगायला गेलो होतो

जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा डाव्या पायात माझी चप्पल होती आणि उजव्या पायात समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांची. लक्षात आलं तेव्हा गाडी हलली होती. गृहस्थ खिडकीतून माझ्या पायाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.  अशा माणसावर विलासने घरातलं सगळ्यात नाजूक काम सोपवलं, यावरून तो किती अडचणीत होता ते समजावं.

विलास माझा बँकेतला जुना सोबती. त्याच्या मुलीचं, सोनलचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं. घरी पोहोचलो तर अंगणात मांडवाचे बांबू पडलेले, आणि ओसरीवर विलासची थोरली बहीण, अक्का, भरताची वांगी निवडत बसलेली. हिरवी, पांढरट, लांबट वांगी. मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडे भरताला जांभळं वांगं घेतात." अक्का म्हणाली, "म्हनीसन तुम्ही आठे येतस ना खावाले!" (म्हणून तर तुम्ही इथे येता ना खायला!) एवढंच हसणं त्या दिवशी झालं.

जेवणानंतर विलासने मला गच्चीवर नेलं. सहा वर्षांपूर्वी नात्यातल्याच एका लग्नात वरात दारात आल्यावर कुणीतरी हौसेने बार काढला, म्हणजे बंदूक उडवली. अक्काचे यजमान पंगतीत वरण वाढत होते. ते तिथेच गेले. बंदूक परवान्याची होती. खटला अजून चालू आहे. आता सोनलच्या सासरचे दोंडाईच्याजवळचे, आणि नवऱ्या मुलाचे काका, नाना, यांच्याकडे बाराबोरची बंदूक. त्यांच्या घरच्या प्रत्येक वरातीत नाना पुढे आणि बंदूक खांद्यावर, असा रिवाज.

"अक्का म्हणते, मांडवात बंदूक आली तर मी उठून जाईन," विलास म्हणाला. "सोनलला तिनेच वाढवलंय. ती उठली तर पोरगी बोहल्यावर रडेल. आणि मुलीचा बाप असून मी व्याह्यांना कसं सांगू? तू बाहेरचा. गोड बोलतोस."

गोड बोलतोस म्हटलं की मी विहिरीतही उडी मारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विलासचे बूट घालून दोंडाईच्याची गाडी पकडली.

अमळनेर गेलं, नरडाणा गेलं. कापसाची वेचणी उरकलेली काळी रानं, मधेच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. दोंडाईच्याच्या अलीकडे जमीन एकदम लाल दिसू लागली. वाळत घातलेल्या मिरच्यांची शेतंच्या शेतं! स्टेशनवरून नानांच्या गावाकडे जाताना रिक्षातून उतरून मी फोटो काढायला वाऱ्याच्या बाजूने गेलो. पुढची दहा मिनिटं फक्त शिंकलो. त्यामुळे नानांच्या दारात पोहोचलो तो डोळे लाल, नाक गळतंय, अशा अवतारात. नानांना वाटलं, जळगावला काही अशुभ घडलं.

"काय व्हयनं भाऊ?" ते धावत बाहेर आले.

"मिरची," मी म्हटलं.

नाना पोट धरून हसले, आणि तिथेच मी त्यांच्या प्रेमात पडलो. हीच माझी पहिली चूक. शेवभाजी आली, कळण्याची (उडीद-ज्वारीची) भाकरी आली. वाढणारी सून थांबेना, खाणारा मी थांबेना. विषय काढायचा तो ताकापर्यंत राहिला. मग मी बेताने विचारलं, "नाना, तुमच्याकडे बंदूक आहे म्हणे?"

मला सुरुवात करायची होती. नानांना वाटलं, पाहुण्याला बघायची आहे. क्षणात बंदूक माझ्या हातात.

खरं सांगतो, हातात घेताच छाती दोन बोटं पुढे आली. आयुष्यभर पासबुकं भरलेला माणूस मी. नानांच्या पुतण्याने, नवऱ्या मुलाच्या चुलतभावाने, मोबाईल काढला, तसा मी पोट आत घेऊन एक पाय बाजेवर ठेवला आणि नळी थेट चहा घेऊन येणाऱ्या सुनेकडे वळवली.

नानांनी ती झटकन वर ढकलली. "भाऊ! हाई काठी नही शे!" मग माझा चेहरा पाहून हळू आवाजात, "खाली शे. गोळी नही तिच्यात. तरी बी."

सुनेने चहा माझ्यापुढे न ठेवता नानांपुढे ठेवला. लाजेनेच माझं तोंड उघडलं. अक्काचं सगळं सांगितलं. नाना बंदुकीचा पट्टा गुंडाळू लागले.

"रानडुकरांसाठी परवाना घेतला," ते म्हणाले. आता ते माझ्यासाठी पुस्तकी मराठीत बोलत होते. "निवडणूक आली की ठाण्यात जमा करतो, पावती घेतो. अक्काला सांगा, नानाची बंदूक घरी राहील. मी सबद दिधा. पण भाऊ, पोरांचं काय? त्यांच्याकडे गावठी कट्टे आहेत. राज्याच्या सीमेपलीकडून येतात. त्यांना ना परवाना, ना पावती. मी कुणाची कंबर तपासू?"

पुतण्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

तिथून एस.टी.ने धुळ्याला गेलो. देवपुरात आमच्या बँकेतून बाहेर पडून वकील झालेला एक मित्र राहतो. पांझरा नदी ओलांडून त्याच्या घरी गेलो, आणि पहिला प्रश्न टाकला, "कायदा आणखी कडक करायला नको का रे?"

"करायला हवाच," तो म्हणाला. "परवाना देताना, नव्याने करून देताना, सगळीकडे. पण आज आहे तो तरी वापर. लग्नात बार काढणं गुन्हाच आहे. पोलिसांना आधी अर्ज दे, एक माणूस मांडवात उभा राहील. अमक्या लग्नात बेकायदा हत्यार येण्याची शक्यता, एवढं लिहायचं."

त्याने तिथेच अर्ज टाइप केला आणि पेन पुढे केलं. "सही कर."

"विलासला विचारतो आधी," मी म्हटलं.

"अर्ज तुझा. त्याला कशाला विचारायचं?"

मी कागद घडी करून खिशात घातला. चांगला अर्ज होता. एकही चूक नव्हती.

जळगावला परतलो तर ओसरीवर अक्का एकटीच. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. बाजेवर पाय, छाती पुढे, हातात बाराबोर. पुतण्याने फोटोखाली लिहिलं होतं, 'पाहुण्यांचा नाद नाही करायचा.' माझ्याआधी मी पोहोचलो होतो.

"हाऊच निरोप देवाले गयथात का?" (हाच निरोप द्यायला गेला होतात का?) एवढंच तिने विचारलं.

विलासने अर्ज दोनदा वाचला. "पोलीस मांडवात आले तर तिकडचे म्हणतील, मुलीच्या बापाने आणले. तिला त्या घरात नांदायचंय. नाना शब्द देताहेत ना? मग झालं." मी मान हलवली. सही माझी लागणार होती, त्याची नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मी कागद पुन्हा खिशात घातला.

लग्न भर दुपारचं. वरात दारात आली. नाना सगळ्यांत पुढे, दोन्ही हात मोकळे, मला लांबूनच दाखवत, "भाऊ, मनी बंदूक घर शे!" (माझी बंदूक घरी आहे!) मी इतका खूश झालो की अक्काकडे वळून अंगठा दाखवला. ती हातात अक्षतांचं ताट घेऊन उभी होती. पहिल्यांदाच थोडी हसली.

तेवढ्यात बँडच्या मागून आवाज आला. फटाक्यासारखा, पण कोरडा. मांडवाच्या कापडाला एक भोक पडलं आणि त्यातून उन्हाची बारीक रेघ खाली आली. नवऱ्या मुलाच्या मित्रांच्या घोळक्यात कुणीतरी हात झटकन शर्टाखाली घेतला. कुणी, ते मी पाहिलं. नानांनीही पाहिलं, त्यांचाच पुतण्या होता.

बँड थांबला. मग चारी बाजूंनी एकच वाक्य सुरू झालं. काही झालं नाही. कुणाला लागलं नाही ना? नाही. मग काही झालं नाही. बँड वाजवा.  नानांनी मान खाली घातली आणि वरात आत आली.

अक्काने ताट खुर्चीवर ठेवलं. मी धावत गेलो. गोड बोलणारा मी, मलाही तेच सुचलं. "अक्का, थांबा ना. सोनल बघतेय. कोणाला काहीच झालं नाही."

ती ओरडली नाही. "त्या रोज बी पहिला बारले कोनले काहीच नही व्हयनं," ती म्हणाली. त्या दिवशीही पहिल्या बाराला कुणाला काहीच झालं नव्हतं. "दुसरा बार निंघना." दुसरा निघाला.

ती मागच्या दाराने गेली. नंतर सोनलने अंतरपाटाआडून त्या दाराकडे मान वळवून पाहिलं आणि भटजींनी तिला पुन्हा सरळ उभं केलं. सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभा होतो. तो आला नाही. जेवणं झाली. भरीत उत्तम होतं, असं सगळे म्हणाले. माझं पानातच राहिलं.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात कायदे कडक करत बसलो. परवान्याला ही अट, कट्टा सापडला तर ती शिक्षा, मांडवाला हा नियम. एरंडोलचा डोंगर म्हणून शेजारच्या प्रवाशांना मी एक भलतीच टेकडी दाखवली, त्यांनी सुधारलं. कायदे मात्र माझे सगळे बरोबर होते. त्यांना फक्त सही करणारा एक माणूस हवा होता, आणि तो गाडीत बसून घरी चालला होता.

घरी आल्यावर सोसायटीच्या फाटकापाशीच शेजाऱ्यांनी विचारलं, "काय, कसं झालं लग्न?"

"छान झालं," मी म्हणालो. "काही झालं नाही."