बॉयलरच्या मागची दोरी

बारा जुलै, शुक्रवार, दुपारी सव्वातीन. रक्कम चार हजार सातशे वीस रुपये. कामाचे चार हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी. हजर: आमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टचे सेक्रेटरी, मेट्रनबाई, पनवेलचे मिस्त्री आणि मी. लाँड्रीतल्या मावशी कपड्यांचं गाठोडं घेऊन दाराशी उभ्या होत्या, पण त्या दिवशीच्या टिपणात मी त्यांना हजर धरलं नव्हतं. ही चूक माझी.

मी बॉयलर अटेंडंट. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात एकवीस वर्षं बॉयलर चालवतो. बॉयलर लहानच आहे, डिझेलवर चालतो. त्याच्या वाफेवर ऑपरेशनची हत्यारं आणि कपडे निर्जंतुक होतात, चादरी धुतल्या जातात आणि रोज बावीस किलो भात शिजतो. प्रेशर काट्यावर साडेपाच ते सहा किलो ठेवायचं. चुकून सात झालं तर वर बसवलेला सेफ्टी वॉल्व आपोआप उघडतो, जादा वाफ बाहेर सोडतो आणि पुन्हा बंद होतो. सातच्या आत त्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम.

आमचा वॉल्व जुलै लागल्यापासून सहालाच तोंड उघडू लागला. फुस्स करून सुरू व्हायचा तो तीन-तीन तास फुसफुसत राहायचा.

पनवेलच्या मिस्त्रींनी सोमवारी तो उतरवला, घासला, परत बसवला. मंगळवारी सकाळी फुस्स. बुधवारी फुस्स. गुरुवारी फुस्स. शुक्रवारी मी त्यांना परत बोलावलं. ते अडीच वाजता पोचले तेव्हा वॉल्व देवळातल्या नंदीसारखा गप्प बसला होता.

"भाऊ, वॉल्व एकदम ओके आहे," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या कानाची सर्व्हिसिंग करायला पाहिजे."

"सकाळी आठ पन्नास ते बारा दहा गळत होता. वहीत लिहिलंय."

"मग वहीची सर्व्हिसिंग करा."

सेक्रेटरींनी बिल पुढ्यात ठेवलं आणि चष्मा काढला. ते निवृत्त हेडमास्तर. चष्मा काढला की शिक्षा सुनावतात, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक.

"वॉल्व गळायचा थांबत नाही तोवर हे बिल पास होणार नाही. पंचवीस तारखेला बॉयलर इन्स्पेक्टर येतायत. एकतीसला आपलं सर्टिफिकेट संपतं. त्यांच्यासमोर हा असा फुसफुसला तर नवीन मिळणार नाही. आणि नाही मिळालं तर मी बॉयलर भंगारात देणार, विजेवरची दोन मशिनं आणणार आणि चादरी बाहेर धुवायला पाठवणार. समितीत तसं ठरलंय."

"विजेवरची?" मेट्रनबाई म्हणाल्या. "पावसात इकडे वीज किती वेळ असते, सर? पोट फाडून ठेवायचं आणि वाट बघायची?"

"जनरेटर आहे."

"तो पण फुसफुसतो."

बॉयलर नसलेल्या हॉस्पिटलला बॉयलर अटेंडंट लागत नाही, हा हिशेब मला कोणी करून द्यायला नको होता. माझं वय बावन्न, मुलीच्या नर्सिंगची दोन वर्षं बाकी. हाताशी दिवस तेरा.

आता बॉयलर रूमबद्दल थोडं. आमच्याकडे पावसाळ्यात काहीही वाळत नाही. समुद्र अर्ध्या मैलावर, त्यामुळे मीठसुद्धा बरणीत पाझरतं आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते. साऱ्या हॉस्पिटलात खडखडीत कोरडी जागा एकच, ती माझी. त्यामुळे जून ते सप्टेंबर बॉयलर रूममध्ये मशिनं कमी आणि वाळवणं जास्त असतात. मी कडक माणूस. नियमाने तिथे बाहेरची एक काडीही असता कामा नये. पण आठ वर्षांपूर्वी, माझा रेनकोट वाळेना म्हणून, मीच बॉयलरच्या मागे एक निळी नायलॉनची दोरी बांधली: एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं भिंतीतल्या हुकाला. मग मेट्रनबाईंचा स्वेटर आला. मग वॉर्डबॉयची जीन्स. मग मावशींची जवळ्याची पिशवी आली, कारण घरी सुका जवळा सादळतो. जवळ्याला मी हरकत घेतली होती. मावशींनी मला पावशेर दिला आणि हरकत मिटली.

शुक्रवारी संध्याकाळी मी वही घेऊन बसलो. बॉयलरच्या वहीत दर तासाला प्रेशर, पाण्याची पातळी, डिझेल आणि शेरा लिहायचा असतो. माझा शेऱ्याचा रकाना कधी रिकामा नसतो. 'कावळा खिडकीत' हेसुद्धा मी लिहिलेलं आहे. बारा दिवसांचा तक्ता केला. नऊ दिवस गळती. सुरुवात नेहमी पावणेनऊ ते सव्वानऊ. शेवट साडेअकरा ते साडेबारा. मधल्या रविवारी नाही. आणि उघडीप होती त्या दिवशीही नाही.

म्हणजे गळतीचा पावसाशी संबंध होता. इथपर्यंत माझं बरोबर होतं. इथून पुढे मी शास्त्रात शिरलो. पत्र्यातून पाणी ठिबकून वॉल्ववर पडत असणार, त्याने स्प्रिंग गार होऊन आखडत असणार, असं मी ठरवलं. रविवार मात्र या शास्त्रात बसत नव्हता. तो मी योगायोगात टाकला. शनिवारी शिडीवर चढून मी वॉल्वच्या वर पत्र्याचं एक छप्पर केलं. दोन तास, चार स्क्रू. शिडीवरून वॉल्वचं तोंड दिसतं, त्याची पितळी दांडी पलीकडे, भिंतीच्या अंगाला येते. ती दांडी हाताने ओढून महिन्यातून एकदा वॉल्व उघडून बघायचा असतो. मे महिन्यात मी बघितला होता. जूनभर बॉयलर आतून तपासायला उघडून बंद ठेवलेला. आणि जुलैत तो आपणहून उघडतोय तर ओढायचा कशाला, असा मी विचार केला.

सोमवारी पाऊस. नऊ वाजता छपराखाली फुस्स.

"वॉल्वचं लग्न आहे काय?" मावशी दारातून म्हणाल्या. "मांडव घातलाव तो?"

मंगळवारीही तेच. बुधवारी, सतरा तारखेला, मी हरलो. आता सेक्रेटरींना सांगावं, नवीन वॉल्व मागवा, पैसे माझ्या पगारातून कापा, असं ठरवून मी उठलो. वेळ नऊ चाळीस, प्रेशर सहा, वॉल्व जोरात चाललेला. ऑफिसची इमारत अंगणापलीकडे आणि बाहेर धो धो. मी दोरीवरचा माझा ओला रेनकोट ओढून काढला.

फुसफुस थांबली.

मी कोट हातात घेऊन उभा राहिलो. वर बघितलं. काटा सहावर. वॉल्व गप्प. कोट परत दोरीवर टाकला. फुस्स. काढला. गप्प. एका वेळेवर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा नियम, म्हणून एकूण तीन वेळा केलं. तेवढ्यात वॉर्डबॉय जीन्स न्यायला आला. मी रेनकोट दोरीवर घालतोय, काढतोय, घालतोय आणि छताकडे बघतोय, हे त्याने पाहिलं आणि जीन्स तशीच ठेवून गेला. पाच मिनिटांत मेट्रनबाई आल्या, ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन.

"बसा, भाऊ. रात्री झोप लागते का?"

"बाई, दोरी बघा."

बॅटरी घेऊन आम्ही दोघं दोरीच्या मागे मागे गेलो. खिडकीचा गज ठीक होता. दोरी बॉयलरच्या पाठीमागून, धुराड्याच्या आडून वर जात होती, आणि तिचं दुसरं टोक भिंतीतल्या हुकाला नव्हतंच. हुकाच्या जागी एक गंजकं भोक होतं. टोक बांधलं होतं सेफ्टी वॉल्वच्या पितळी दांडीला. गाठ सुरेख होती, दुहेरी.

सकाळी आठला सगळे भिजून येत, ओले कपडे दोरीवर टाकत. दोरी जड होऊन दांडी ओढे. नऊला प्रेशर सहावर पोचलं की वॉल्व उघडे. बारापर्यंत कपडे वाळून हलके होत आणि वॉल्व बंद होई. मिस्त्री पनवेलहून येईपर्यंत सगळं कोरडं ठणठणीत. रविवारी निम्मी माणसं सुट्टीवर, दोरी हलकी.

मी मिस्त्रींना फोन लावला. "तुम्ही वॉल्व उतरवलात तेव्हा दांडीला दोरी होती?"

"होती ना. सोडली, काम केलं, परत बांधली."

"परत बांधली?"

"जशी होती तशी, भाऊ. काही ठिकाणी खालून टेस्ट करायला दोरी ठेवतात. मला वाटलं तुमची सिस्टीम असेल. दुसऱ्याच्या बॉयलरची गाठ आपण कशाला बदला?"

गाठ कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. तशी गाठ लाँड्रीच्या प्रत्येक गाठोड्याला असते. मी मावशींना बोलावलं आणि जमेल तेवढ्या कडक आवाजात विचारलं, "मावशी, हे तुम्ही बांधलंत?"

"व्हय, म्या बांधलंय. का?"

"तो सेफ्टी वॉल्व आहे! त्यावर माणसांचे जीव आहेत!"

"मंग हूक का न्हाय दिलाव? मे महिन्यात सांगितलेलं तुमाला, हूक गंजून पडलाय, नवा द्या. काय म्हणालाव तुमी? लेखी द्या, मेट्रनबाईंची सही आणा, मंग स्टोअरला पाठवतो. मला कुटं लिवता येतंय? म्हटलं, ही दांडी पितळेची हाय, गंजायची न्हाय. बांधली."

मेट्रनबाईंनी ब्लडप्रेशरचं मशीन मिटलं. मी मे महिन्याची वही काढून बघितली. तीस मे, शेरा: 'लाँड्री मावशी, हूक मागणी तोंडी. लेखी द्यावी असे सांगितले.' माझं अक्षर, माझी सही.

तरी मला एक आशा होती, की मुख्य भार जवळ्याचा निघेल. स्वयंपाकघरातून वजनकाटा आणला आणि दोरीवरचं सगळं मोजलं. मेट्रनबाईंचा स्वेटर चारशे ऐंशी ग्रॅम. वॉर्डबॉयची जीन्स एक किलो दोनशे साठ. जवळा नऊशे. माझा रेनकोट दोन किलो एकशे चाळीस.

"बघा," मावशी म्हणाल्या. "माझा जवळा गरीब हाय."

मी दोरी कापली आणि सगळं वहीत लिहिलं, वजनांसकट. सेक्रेटरींनी ते पान वाचलं आणि पुन्हा चष्मा काढला.

"इन्स्पेक्टर हे वाचतील."

"वही मागितली तर वाचतील."

"पान चिकटलंय म्हणून सांगता येईल?"

"चिकटलेलं नाही, सर."

"पाऊस आहे. चिकटू शकतं."

मी पान चिकटू दिलं नाही. पण पुढचे आठ दिवस मला नीट जेवण गेलं नाही. वॉल्व आता एकदाही फुसफुसत नव्हता; भीती होती ती फक्त त्या पानाची. सेफ्टी वॉल्वला कपडे टांगणाऱ्या माणसाच्या हाती बॉयलर देऊ नये, असं कोणी म्हटलं असतं तर मीही सही केली असती.

पंचवीसला इन्स्पेक्टर आले. पावसात मांडव्याच्या बोटी बंद, त्यामुळे मुंबईहून रस्त्याने आलेले, आणि गाडीपासून दारापर्यंत येता येता नखशिखांत भिजलेले. त्यांनी रेनकोट काढला, बॉयलर रूमभर नजर फिरवली आणि म्हणाले, "वा, इथे कोरडं आहे. हा कुठे टांगू?"

"तिथे नको!" मी, मेट्रनबाई आणि सेक्रेटरी एकदम ओरडलो. ते अजून जागचे हललेही नव्हते.

"कुठे नको?" त्यांनी विचारलं.

सेक्रेटरींनी चष्मा पुसायला घेतला. शेवटी मी वही उघडून त्यांच्या हातात दिली. ते उभ्यानेच वाचत होते, कोटातून पाणी गळत होतं. एकदा त्यांनी पान उलटून मागचं वाचलं, मग पुढचं परत.

"जीन्स कोणाची?"

"वॉर्डबॉयची, साहेब."

"ओली की कोरडी मोजलीत?"

"ओली. कोरडी आठशे दहा भरते. पुढच्या पानावर आहे."

त्यांनी मान हलवली. "वाढवा प्रेशर."

मी वाढवलं. साडेपाच. सहा. माझे कान वर लागलेले. सव्वासहा, साडेसहा. सेक्रेटरी भिंतीला टेकले. सातला काटा टेकला आणि वॉल्व असा काही कडाडला की मेट्रनबाईंनी माझा हात धरला. सहा पॉइंट सहाला तो स्वच्छ बंद झाला. इन्स्पेक्टरांनी दुसऱ्यांदा करायला लावलं. तेच आकडे.

"वॉल्व चांगला आहे," ते म्हणाले. "दोरीबद्दल तुम्हाला लेखी ताकीद देतो. ती भिंतीवर लावा. पण का गळतो ते वजन करून लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचतोय. बाकीचे सगळे लिहितात, 'आपोआप बरा झाला'." मग त्यांनी सही केली आणि विचारलं, "आता कोट कुठे टांगू?"

मावशी गाठोडं खाली ठेवून पुढे आल्या. दाराबाहेरच्या पडवीच्या भिंतीत एक नवाकोरा पितळी हूक मारलेला होता. मी तो तोपर्यंत पाहिलाच नव्हता. बोर्लीच्या बाजारातून त्यांनी स्वतःच्या पैशाने आणला होता आणि वॉर्डबॉयकडून ठोकून घेतला होता. इन्स्पेक्टरांचा कोट त्याच्यावर लागला.

सत्तावीस जुलैला ट्रस्टने पनवेलच्या मिस्त्रींना चार हजार सातशे वीस रुपये पूर्ण दिले. निम्मे माझ्याकडून घ्या, असं मी म्हटलं, पण सेक्रेटरी म्हणाले, वॉल्व घासला गेला हे काही वाया गेलं नाही. त्याच दिवशी मी मावशींना हुकाचे साठ रुपये माझ्या खिशातून दिले. सवयीने पावती मागायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून मिटलं. वहीत नोंद आहे: हूक, पितळी, एक, रुपये साठ, मावशींना पोचले. पावती नाही.