निष्ठेची शपथ

श्रीरामपूरच्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवते, तिथे शेवटच्या वर्षाला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर आहे. तो कुणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला.

त्या दिवशी दुसऱ्या महायुद्धाचा भाग होता. जपानने हल्ला केल्यावर अमेरिकेच्या सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवलं. त्यातले बहुतेक तिथेच जन्मलेले, तिथलेच नागरिक. हातात मावेल तेवढं सामान घ्यायचं, बाकीचं मिळेल त्या भावात विकायचं. काही कुटुंबं आधी घोड्यांच्या तबेल्यात ठेवली, मग काटेरी तारेच्या आतल्या छावण्यांत. पुढे त्याच छावण्यांतली तरणी पोरं सैन्यात घेतली. आईबाप मात्र तारेमागेच.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बरोबरच केलं मॅडम त्यांनी. लढाईत कुनाचा भरोसा धरायचा?" असं म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. वर्गात एकच मुसलमान मुलगी होती. त्याच्या पाठोपाठ सगळा वर्ग तिच्याकडे बघू लागला. ती वहीत मान घालून बसली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तू आत्ता मान वळवलीस ना, त्या छावण्या तिथूनच सुरू झाल्या."

कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत मागचं-पुढचं कापून तेवढं एकच वाक्य गावभर फिरलं. खाली लिहिलं होतं, ही बाई पोरांना देशाविरुद्ध भडकवते.

मी राहात्याहून रोज ये-जा करते. दुसऱ्या दिवशी तिथून निघालेल्या एसटीत मराठीचे सर माझ्याशेजारी बसले नाहीत. कित्येक वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लेला माणूस ड्रायव्हरच्या मागे उभा राहून आला. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. फोनवर धमक्या देणारेही होते, पण त्यांच्यापेक्षा मला या गप्प बसणाऱ्यांची जास्त चीड आली, अजूनही येते.

संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. मी सांगितलं की मी अमेरिकेबद्दल बोलत होते. ते म्हणाले, "ते मलाही कळतं. पण लोकांना ते कुणाबद्दल वाटलं, ते बघा." त्यांनी तोडगाही काढून ठेवला होता. सगळ्या कॉलेजसमोर उभं राहून मी माफी मागायची आणि देशाशी एकनिष्ठ असल्याची शपथ घ्यायची.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत कम्युनिस्टांच्या भीतीने शिक्षकांकडून अशाच शपथा घेतल्या होत्या. ज्यांनी नकार दिला त्यांतल्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांनी केलं काय होतं, हे कुणी विचारलं नाही. तो माझा पुढचा धडा होता.

"साहेब, पुढच्या आठवड्यात मी हेच शिकवणार आहे," मी म्हटलं.

"तुम्ही नाही शिकवणार," ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

माफी मी मागितली नाही. नोकरी कायमची असल्याने ती गेली नाही, पेपर तेवढा गेला. आता तो नव्याने आलेले एक सर गाइडमधून वाचून दाखवतात. छावण्यांवर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून तो भाग त्यांनी गाळला आहे.

ती मुलगी मात्र कॉलेजात यायची थांबली. बऱ्याच महिन्यांनी राहात्याच्या बाजारात आईबरोबर दिसली. मी पुढे होऊन विचारपूस केली, परीक्षेला तरी बस म्हटलं. तिने आईला पुढे जायला सांगितलं.

"मॅडम, तुम्ही त्याला उत्तर दिलंत, तुमचं नाव झालं," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "दुसऱ्या दिवशी वर्गातली ती पोरं आमच्या गल्लीत आली होती. तुमच्या दारात कुणी आलं का?"

माझ्या दारात कुणी आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि आईला गाठायला भाजीवाल्यांच्या गर्दीत शिरली.