पन्नास टक्के सवलतीचा इंद्रजीत

जुळे सोलापुरात हिंदुराव लवट्यांच्या घरी मोठी गाडी येणार, ही बातमी गाडीच्या कितीतरी आधी आली. ती आणली हिंदुरावांच्या मुलानं, इंद्रजीतनं. हा पोरगा चोवीस वर्षांचा. होटगी रोडवरच्या एका फरशीच्या शोरूममध्ये तो गिऱ्हाइकांना इटालियन दिसणारी देशी फरशी दाखवायचा. दाखवून दाखवून आपणही थोडे इटालियनच आहोत असं त्याला वाटायला लागलं होतं.

हिंदुराव मूळचे सांगोल्याकडचे. शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करत सोलापूरला आले, कुंभारीला शेड बांधलं आणि तिथंच थोडी जमीन घेतली. त्यातला एक तुकडा रस्त्यात गेला आणि पैसे आले. हिंदुरावांना त्या पैशातून आणखी जनावरं घ्यायची होती. इंद्रजीतनं त्यांना पटवलं, की आता लग्नाच्या बाजारात जनावरांना कोणी विचारत नाही.

गाडी काळी, उंच, छताला काच असलेली. इंद्रजीतनं छताच्या काचेला हो म्हटलं, चामड्याच्या सीटना हो म्हटलं, दारातून उतरताना जमिनीवर उजेडाचं चित्र पडतं त्यालाही हो म्हटलं. मग शोरूमवाल्यानं विम्याचा आकडा सांगितला, तेव्हा मात्र त्याला अचानक काटकसर आठवली. नुसत्या कागदाला एवढे पैसे कशाला द्यायचे, हे त्यानं शोरूममध्ये, घरी आणि फरशी घ्यायला आलेल्या एका वकिलालाही ऐकवलं. मोबाइलवर त्यानं विमा कमी करण्याचे व्हिडिओ इतके पाहिले, की झोपेतसुद्धा तो टक्केवारी बोलतो असं त्याची आई म्हणायची.

शेवटी तो ईरप्पाकडे गेला. ईरप्पा दुधनीचा. सोलापुरात बऱ्याच वर्षांपासून विमा एजंट, आणि गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी त्याचं अर्धं कानडी उत्तर एकच, "आगतद, होतंय की." कोणाला नाही म्हणण्याची त्याला सवयच नव्हती, नाही म्हणणाऱ्याला कमिशन मिळत नाही.

त्यानं विम्यातली एकेक गोष्ट कमी करायला सुरुवात केली. सुटे भाग बदलताना त्यांची झीज धरायची नाही, असं एक जादा संरक्षण असतं. ते काढलं. लहानसहान नुकसान झालं तर ठरावीक रकमेपर्यंत आम्हीच सोसू, असं आधीच लिहून द्यायचं. तेही दिलं. आकडा खाली आला, पण इंद्रजीतचं समाधान होईना. तेव्हा ईरप्पानं विचारलं, की घरात एखादी जुनी गाडी आहे का, जिच्यावर कधी नुकसानभरपाई मागितली नाही.

होती. कुंभारीच्या शेडमागं एक पांढरी छोटी गाडी उभी होती. स्वतःच्या नावावर वाहन लाभत नाही असं हिंदुरावांना कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी ती बायकोच्या, वच्छलाबाईंच्या नावावर घेतलेली. शिकायला म्हणून पहिल्याच आठवड्यात ती फाटकावर घातली, आणि त्यानंतर तिला हात लावला नाही. गाडीच्या टपावर बोकडं बसत, खाली कोंबड्या अंडी घालत. पण पोलिसांच्या धास्तीनं हिंदुराव दरवर्षी तिचा विमा मात्र न चुकता भरत. जी गाडी जागची हलतच नाही तिला अपघात कसा होणार? त्यामुळं विमा कंपनीच्या दृष्टीनं वच्छलाबाई ही जिल्ह्यातली अत्यंत सावध गाडीमालकीण ठरली होती. तिच्या नावावर पूर्ण पन्नास टक्क्यांची सवलत साठली होती.

जुनी गाडी विकली की ती सवलत नव्या गाडीला लावता येते, पण मालक तोच पाहिजे. आईची सवलत मुलाला मिळत नाही. ईरप्पानं हे सांगितलं तेव्हा इंद्रजीत क्षणभरसुद्धा थांबला नाही. नाव कागदावर कोणाचंही असू दे, चालवणार तर मीच, असं म्हणून त्यानं गाडी आईच्या नावावर करायचं ठरवलं. मालकाच्या अपघाती मृत्यूचा एक वेगळा विमा असतो. मालकिणीकडे लायसनच नाही म्हटल्यावर तोही वगळता येतो, हे कळल्यावर तर तो खूशच झाला. आईच्या जिवावर आणखी थोडे वाचले. पांढरी गाडी विकली गेली, आणि ईरप्पानं जिथं बोट दाखवलं तिथं वच्छलाबाईंनी सही केली.

गाडी घ्यायच्या दिवशी शोरूमवाल्यांनी फलकावर मोठ्या अक्षरात वच्छलाबाईंचं नाव लिहिलं आणि पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली त्यांच्याच हातात दिली. त्यांनी नवी इरकल नेसली होती. फोटो छान आला. संध्याकाळी इंद्रजीतनं तो स्टेटसला टाकला, तेव्हा फलक आणि आई दोन्ही कापलेले होते. किल्लीची एक बाजू राहिली होती आणि ती धरणारी, बांगड्या भरलेल्या हाताची दोन बोटं. सांगोल्याहून नणंदेनं फोन करून विचारलं, ही बोटं कुणाची? वच्छलाबाई म्हणाल्या, असतील कुणाची तरी.

त्यानंतरचे काही महिने इंद्रजीत गाडी चालवत होता की सवलत, हे सांगणं कठीण होतं. सात रस्त्याला एका रिक्षानं दाराला ओरखडा काढला. भरपाई मागावी तर तेवढं नुकसान स्वतः सोसायचं लिहून दिलेलं, आणि मागितली तर पुढच्या वर्षी पन्नास टक्के शून्यावर येणार. त्यानं डेंटरला रोख पैसे दिले. मग मागचा बंपर गेला, तोही रोख. विम्यात वाचलेले पैसे असे हळूहळू डेंटरकडे गेले. तरी मित्रांना तो सांगायचा की गाडीवर एकही क्लेम नाही. पुढं पुढं तर तो कामाला पुन्हा जुन्या मोटारसायकलवर जायला लागला. गाडी घरापुढं झाकणाखाली उभी असायची, आणि शेजारची पोरं क्रिकेट खेळायला लागली की हा बाल्कनीतून ओरडायचा.

तीच गाडी त्यानं झाकण काढून, पुसून सांगोल्याला नेली, कारण मुलगी बघायची होती. मुलगी प्रियदर्शनी, घरची डाळिंबाची बाग, स्वतः पतसंस्थेत वाहनकर्जाच्या टेबलावर. इंद्रजीतनं गाडी मुद्दाम ओसरीसमोर लावली, बसल्या जागेवरून सगळ्यांना दिसावी म्हणून. पोहे आले, चहा आला. मुलीच्या काकांनी गाडीचं कौतुक करून सहज विचारलं, वडिलांनी घेतली का. इंद्रजीत म्हणाला, छे, स्वतःच्या कमाईची, स्वतःच्या नावावर. शेजारी वच्छलाबाई बसल्या होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली. हिंदुराव डाळिंबाची चौकशी करू लागले.

तेवढ्यात रानातून शेळ्या परत आल्या. सांगोल्याकडच्या शेळीला उंच जागा दिसली की तिथं चढायचं, एवढंच कळतं. एक बॉनेटवर गेली, तिच्यामागून दोन बोकडं टपावर. इंद्रजीत हसत राहिला, कारण बघायला आलेल्या मुलानं शेळ्यांमागं धावणं बरं दिसत नाही. बोकडांची टक्कर लागली आणि छताची काच फुटल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला, तेव्हा कुठं तो धावला.

बोकडं खाली उतरवल्यावर काका ओशाळून म्हणाले, विमा असंलच की. इंद्रजीत घाईनं म्हणाला, राहू द्या, क्लेम करायचा नाही. का करायचा नाही, हे कुणालाच कळलं नाही. एका प्रियदर्शनीला सोडून. गाडीचा नंबर मोबाइलवर घालून बघणं हे तिचं रोजचं काम. स्थळासोबत आलेल्या गाडीच्या फोटोवरून तिनं पाहुणे यायच्या आधीच ते केलं होतं. मालकाच्या नावातली मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली होती, पण पहिलं अक्षर काही इंद्रजीतचं नव्हतं.

वच्छलाबाईंजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "गाडी तुमच्या नावावर हाय न्हवं, काकू?"

"व्हय," वच्छलाबाई म्हणाल्या.

नकार दोन दिवसांनी मध्यस्थाकडून आला, अगदी सभ्य भाषेत. पत्रिका जुळत नाही, असं कारण दिलं होतं. पण त्याआधीच, सांगोल्याहून येताना, फुटक्या काचेवर बांधलेला प्लास्टिकचा कागद फडफडत असताना वच्छलाबाई म्हणाल्या, की उद्या ईरप्पाकडं जायचं. इंद्रजीतनं पन्नास टक्क्यांचं सगळं गणित पुन्हा समजावलं. मंगळवेढा मागं पडेपर्यंत तो समजावत होता.

"जाऊ दे की टक्के," त्या म्हणाल्या. "काच फुटली तर भरून मिळावी, म्हणूनच विमा असतोय न्हवं? आन दंडाचं मेसेज माझ्या मोबाइलवर येत्यात. मागं एकदा आला, वच्छला लवटे, लई जोरात गाडी पळवली म्हनून. आजवर मी सायकलसुदिक पळवली न्हाय."

हिंदुराव हसले. इंद्रजीत हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ईरप्पाच्या ऑफिसात गेल्या. मालकीणच समोर उभी म्हटल्यावर ईरप्पा नेहमीसारखा "आगतद, अक्का" म्हणाला आणि कामाला लागला. नुकसान बघायला आलेल्या माणसानं गंभीरपणे विचारलं, की बोकडं घरची होती की दुसऱ्याची. दुसऱ्याची, पण पाहुण्यांची, असं वच्छलाबाईंनी लिहायला लावलं. काच आली, सवलत गेली. इंद्रजीत त्या दिवशी जेवला नाही. एवढं दुःख त्यानं नकार आला तेव्हाही केलं नव्हतं.

मग वच्छलाबाईंनी बायकांच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. आधी गिअरची भीती, मग चढाची, मग काहीच नाही. लायसन आल्यावर त्यांनी मालकिणीचा जो विमा वगळला होता तो घ्यायला लावला आणि किल्ली स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ठेवली. आता ती काळी गाडी रोज सकाळी कुंभारीला जाते. मागं कडब्याच्या पेंढ्या असतात, कधी आजारी करडू असतं. चामड्याच्या सीटवर त्यांनी पोतं अंथरलंय. दारातून उतरताना उजेडाचं चित्र अजून पडतं, शेणावर पडतं.

इंद्रजीत मात्र सुधारला असं कोणी समजू नये. हल्ली तो गल्लीतल्या पोरांना सल्ले देतो. विमा कमी करायचा असेल तर आधी घरात जुनी गाडी आणि भोळी आई आहे का बघा, असं काही तो थेट म्हणत नाही. पण अर्थ तोच निघतो. मागच्या आठवड्यात मित्राच्या लग्नाला त्यानं गाडी मागितली. आईनं नाही म्हटलं नाही. ती सोबत आली, तिनंच गाडी चालवली. शेजारच्या सीटवर चंद्रव्वा शेजारीण होती, म्हणून सूटबूट घातलेला इंद्रजीत मागं बसला. कार्यालयाच्या फाटकात मित्रांचा घोळका उभा होता. वच्छलाबाईंनी गाडी अगदी बरोबर त्यांच्यापुढं थांबवली आणि मागं वळून म्हणाल्या, "उतर. मी सावलीत लावून येते."