मुखवटे कुणी सांभाळले?

वाशिंदच्या खोलीत बसून मी फ्रेंच सबटायटल लिहायचे. कॉलेजात हौसेने शिकलेल्या फ्रेंचचा एवढाच उपयोग झाला. त्या वर्षी एक ब्रिटिश विज्ञानमालिका हाती आली होती. कित्येक वर्षं बंद पडलेली, नव्याने सुरू केलेली आणि आता फ्रान्सच्या टीव्हीवर जाणारी. परग्रहावरचे राक्षस दिवसभर ओरडायचे आणि मी त्यांचं ओरडणं दोन ओळींत बसवायचे. संध्याकाळपर्यंत डोळ्यांची पार वाट लागायची.

गुडघ्यांच्या औषधपाण्यासाठी बाबा धसईकडच्या आमच्या गावातून माझ्याकडे आले होते. मागे खाटेवर बसून तेही बघायचे. एकदा म्हणाले, "ही सोंगं कुनाच्या घरची गो?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या बोहाड्यात, म्हणजे गावच्या उत्सवात, देवांचे, राक्षसांचे मुखवटे घालून नाचायचे आणि एकेक सोंग एकेका घराचं असायचं. त्या घरच्या पुरुषानेच ते नाचवायचं. राक्षस आमचा. पोरं कारखान्यांत लागली तसा बोहाडा बंद पडला, आणि आमच्या घरात तर मी एकटी मुलगी.

"घरची नाय बाबा, कंपनीची. मालिका मधी बंद पडलेली, आता परत चालू केली."

"मंग बंद होतं तवा कोनी सांभालली?"

"काय ठाऊक. नवीन केली असतील."

दुसऱ्या दिवशी बाबा औषध अर्धवट टाकून गावाला निघून गेले. मला भयंकर राग आला. डॉक्टरकडे नंबर लावायला मी किती खेटे घातले होते!

आठवड्याने परत आले ते आमचा राक्षसाचा मुखवटा गोणपाटात गुंडाळून.

"गावात आता कोन नाचवनार? त्यांचं परत चालू झालंय ना, घेतील का इचार. लाकूड चांगलं हाय."

मला हसू आलं नाही. समजावून सांगायचंही त्राण नव्हतं. "इचारते," म्हटलं.

"बांधायचा कसा ते बघून ठेव. इचारतील ते."

असं म्हणत त्यांनी मुखवटा माझ्या तोंडावर चढवला आणि मागे गाठ मारू लागले. लहानपणी मी त्याला नुसता हात लावला तरी हेच बाबा अंगावर धावून यायचे. आत तेलाचा, धुराचा आणि त्यांच्या घामाचा वास होता.

"घट्ट झाला काय गो?"

मी नुसती मान हलवली. बोलले असते तर आत मी रडतेय हे त्यांना कळलं असतं.